डावीकडचा चोरकप्पा

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधी, विनंती नंतर, आणि नाही म्हणालास तर भांडण त्याच्याही नंतर. फोनच करणार होते, पण तुझ्या कानांचं आणि फोनचं वैर जुनं. मागे मी 'काम मिळालं' म्हणाले तर तू 'कोण मेलं?' असं विचारलंस.

तर पुन्हा एक काम मिळालंय. इथल्या बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल मला चार महिने वापरायला दिलाय. वरच्या खोलीत राहते, खाली काम. तिथे मी एक संग्रहालय उभं करतेय. खोटं. काचेची कपाटं, दोरीचे कठडे, पितळी पाट्या, आणि खुर्चीत डुलक्या काढणारा पहारेकरी (पुठ्ठ्याचा). वस्तू मात्र रोजच्या वापरातल्या: स्टूल, इस्त्री, दाढीचा डबा, भिंतीवरचं घड्याळ. गंमत अशी की प्रत्येकीत एक चोरकप्पा. लोकांनी हात लावायचा, दाबायचं, शोधायचं. सापडलं तर आत जुनं पत्र, पावती, एखादं बटण. सगळं मीच लिहिलेलं, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं. दारावर ठळक पाटी: 'इथलं सगळं बनवलेलं आहे.'

आता विनंती. मला खटके बसवायला शिकव. आई म्हणायची, तुझ्या हातचा चोरकप्पा देवालाही सापडायचा नाही. मग एवढं चालतं दुकान आठवड्यात बंद करून तू तिकडे का निघून गेलास, हे मात्र तिनं कधी धड सांगितलं नाही. म्हणायची, भुशानं छाती भरली होती.

तुझी चिचुंद्री


९ फेब्रुवारी

चि. चिचुंद्रीस,

आशीर्वाद. पहारेकरी पुठ्ठ्याचा ठेवलास ते बरं केलंस, पगारवाढ मागायचा नाही.

खटका म्हणजे काही जादू नव्हे. लाकडाला एक खोटं बोलायला शिकवायचं, बस. सोबत तीन आकृत्या पाठवतोय. पहिल्यात स्प्रिंग, दुसरीत सरकती पट्टी, तिसरीत नुसती खुंटी. तू पहिलीपासून सुरू कर. पटाशी अंगठ्याकडे धरू नकोस, तुझ्या आईचीच मुलगी तू, घाई करशील.

आणि शोधायचा कसा, ते लोकांना सांगू नकोस, तुला सांगतो. बाहेरून मोजायचं, आतून मोजायचं. फळीची जाडी वजा केल्यावर जो फरक उरतो, तोच चोरकप्पा. बाकी ठोकून बघणं वगैरे सिनेमातलं.

एक ऐक. वस्तू नव्या करून घे. जुन्या बाजारातून उचलून आणू नकोस. जुन्या लाकडाला वाळवी असते.

छाती आता ठीक आहे.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

अकरा वस्तू तयार! तिसरी आकृती जमेना म्हणून रडले, मग जमली म्हणूनही रडले.

पण खरी बातमी वेगळीच. तू नको म्हणालास तरी मी जुन्या बाजारात गेले (आईचीच मुलगी). एक लिहायचं टेबल मिळालं. काळसर, जड, दोन्ही बाजूंना तीन तीन खण. हॉलच्या मधोमध ठेवायला असंच काहीतरी हवं होतं. आणताना चार हमालांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

सहज म्हणून मोजलं. बाहेरून, आतून. उजवीकडे चार बोटं कमी भरलं, मामा! टेबलात खराखुरा चोरकप्पा आहे. दोन दिवस झाले, खटका सापडत नाही.

फोटो पाठवतेय. कोपऱ्यातला सांधा बघ. शेवटचा दात बाकीच्यांपेक्षा रुंद. आमच्या घरच्या पाटावर आणि आईच्या पेटीवर अगदी तसाच आहे. हे तुझं काम ना? कुणासाठी केलं होतंस? खटका कुठे आहे?

तुझी चिचुंद्री


२४ फेब्रुवारी

चि. चिचुंद्री,

टेबल माझं नाही. तसा सांधा कुणीही करतो.

ते परत करून टाक. दुकानदारानं घेतलं नाही तर अंगणात ठेव, पावसात कुजेल. आत हात घालू नकोस, जुनी स्प्रिंग सुटली तर बोट जाईल. कुणाच्या घरातून आलं ते विचारू नकोस, आणि विचारलं असशील तर मला कळव.

मामा


४ मार्च

मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी रुसले, मग हसले. आता ओळखलं. टेबल तुझंच आहे, पण सांध्यातला तो रुंद दात तुला खुपतो. म्हातारपणी कारागिरांना आपल्या चुका दिसायला लागतात म्हणे.

ऐक तर खरं. खटका सापडला! मधल्या खणाच्या ओठाखाली अंगठा दाबायचा आणि खालचा खण ओढायचा. दोन्ही एकाच वेळी. पट्टी अशी सुळकन सरकली की मी ओरडलेच.

आत एक चष्मा आणि एक पासपोर्ट. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, उजवी काडी निळ्या दोऱ्यानं बांधलेली. पासपोर्ट एका बाईचा, मुदत चोवीस वर्षांपूर्वी संपलेली. दुकानदाराला विचारलं (तुझं पत्र येण्याआधीच). टेबल इथल्या एका निवृत्त वकिलांचं. ते मांडीचं हाड मोडून तीन आठवडे दवाखान्यात होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीनं जुनं घर रिकामं करून सामान विकलं. दुकानदार म्हणाला, "त्यांची बायको एकतीस वर्षांपूर्वी पळून गेली, सगळ्या गावाला माहीत आहे. पाच वर्षांची पोर टाकून गेली." वकील आता काठी टेकत तीनदा दुकानात येऊन गेले, टेबल कुठे गेलं म्हणून. दुकानदारानं सांगितलं नाही, गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं म्हणतो.

बिचारे. बायकोची आठवण जपून ठेवली असणार. मी चष्मा टेबलावर काचेच्या पेटीत ठेवलाय आणि खाली पाटी लावलीय: 'पळून गेलेल्या बाईचा चष्मा.' माझ्या अकरा खोट्या वस्तूंपेक्षा ही एक भारी पडणार. दहा तारखेला उद्घाटन. ये ना.

तुझी चिचुंद्री


९ मार्च

चिचुंद्री,

हे पत्र बसून वाच.

टेबल माझं आहे. त्या काडीला निळा दोरा मीच बांधला होता.

वकिलांनी ते टेबल घरीच करून घेतलं होतं. महिनाभर मी त्यांच्या मागच्या पडवीत काम करत होतो. उजवीकडे चोरकप्पा हवा, खटका फक्त त्यांना ठाऊक असावा, अशी अट. मोठे लोक कागद दडवतात, मला काय त्याचं. त्यांची बायको चहा आणून द्यायची. चष्मा काढला की तिला हातभर अंतरावरचा माणूस दिसायचा नाही. एकदा चष्मा पडून काडी मोडली, तेव्हा दार समजून ती कपाटाला धडकली होती. मी काडी बांधून दिली.

ते कोर्टात गेले असताना एकदा तिनं मला विचारलं, तिच्यासाठीही एक चोरकप्पा होईल का, त्यांना न कळता. मी करून दिला. त्याच टेबलात, डावीकडे, फळीच्या जाडीतच कोरलेला, मोजूनही सापडू नये असा.

टेबल पुरं करून मी निघालो. पंधरा दिवसांत गावभर झालं, वकिलांची बायको पळाली. मग त्यांचं बोलावणं आलं. हवा दमट होती, खटका अडकला होता. पडवीत नवी फरशी बसवत होते, ओल्या सिमेंटवरून मला फळ्या टाकून आत नेलं. ते म्हणाले, "फक्त सैल करा, उघडू नका." मी रंधा फिरवला आणि पट्टी आपोआप सरकली. आत चष्मा.

बाई घर सोडून जाईल, दागिने सोडेल, कपडे सोडेल. पण डोळे ठेवून कुठे जाईल?

मी वर पाहिलं तर ते दारात उभे. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही लाकूड पाहिलंत. दुसरं काही नाही." आणि मग म्हणाले, "तुमची भाची आणि माझी मुलगी एकाच बालवाडीत आहेत ना? परवा दोघींना एकाच झोपाळ्यावर पाहिलं." तू तेव्हा पाच वर्षांची होतीस.

आठवड्यात मी दुकान बंद केलं. छातीला काही झालं नव्हतं. तुझ्या आईलाही मी कधी खरं सांगितलं नाही.

डावीकडच्या कप्प्यात काही असेल की नाही, मला माहीत नाही. तो त्यांना ठाऊक नाही. पुढच्या डाव्या पायाला उलटा अर्धा फेरा दे, वरची पट्टी सैल होते. पण एकटीनं उघडू नकोस. पोलीस बोलाव आणि त्या मुलीलाही बोलाव. तोवर चष्मा तिथून हलव, आणि तो माणूस आला तर त्याला माझं नाव सांगू नकोस.

मामा


११ मार्च

मामा,

तुझं पत्र अजून नाही, म्हणजे रुसलास. पण कालचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अडीचशे माणसं आली! इस्त्रीचा खटका एकालाही सापडला नाही. आणि दुपारी कोण आलं असेल? ते वकील, मुलीबरोबर. मुलीनं वर्तमानपत्रात फोटो पाहून टेबल ओळखलं, आणि बाबांना सरप्राइज म्हणून घेऊन आली. माझ्याच वयाची आहे, शांत, दर वस्तूपुढे वाकून पाट्या वाचणारी.

वकील कुठेही थांबले नाहीत. काठी टेकत थेट टेबलापाशी. इतर लोक अर्धा अर्धा तास चाचपडत असतात, यांचा अंगठा सरळ ओठाखाली गेला. उजवा हात खालच्या खणावर. पट्टी सरकली. आत मी माझी एक खोटी चिठ्ठी ठेवली होती. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. मग काचेच्या पेटीकडे पाहत राहिले.

मी जवळ गेले. त्यांनी हळूच विचारलं, "हा चष्मा खरा, की बनवलेला?"

मी म्हटलं, "बाहेर पाटी आहे ना, आजोबा. इथलं सगळं बनवलेलं आहे."

ते हसले. "छान. असंच म्हणत राहा."

जाताना विचारलं, टेबल कुणी केलं माहीत आहे का. मी कशी गप्प बसणार? म्हटलं, माझ्या मामानं, कबूल करत नाही तरी त्याच्याच हातचं आहे. कुठे असतात विचारलं, तेही सांगितलं. म्हणाले, "अजून आहेत? वा. हात चालतात त्यांचे?"

किती आपुलकी बघ. मुलगी मात्र चष्म्यापुढून हलेना. अभिप्रायाच्या वहीत नाव-पत्ता लिहिला आणि अभिप्रायाची जागा कोरी सोडली.

तुझी चिचुंद्री


१४ मार्च, सकाळ

मामा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. मी त्याला तुझा पत्ता दिला. माझ्याच तोंडानं दिला.

सकाळपासून फोन लावतेय, तू उचलत नाहीस. हे पत्र हाती येईल तेव्हा घरी थांबू नकोस. शेजारच्या शिंपिणीकडे जा, कुठेही जा. वहीतून मुलीचा पत्ता मिळाला, तिच्याकडेच निघालेय. ती म्हणेल तर उद्या अकरा वाजता पोलिसांसमोर डावी बाजू उघडू.

मला क्षमा कर.


१४ मार्च, संध्याकाळ

चिचुंद्री,

तो येऊन गेला. मी धडधाकट आहे, आधी हे लिहितो.

दुपारी दारात गाडी थांबली. ड्रायव्हर बाहेरच बसला. तो आत आला, काठी भिंतीला लावली आणि माझ्या कामाच्या स्टुलावर बसला. म्हातारा झालाय. पण ते वळून बघणं तसंच.

म्हणाला, "मिस्त्री, तुमची भाची हुशार आहे. सगळं खोटं, पण खऱ्यासारखं करते. जुनी पत्रं, जुने कागद. तिच्या हॉलमध्ये काहीही सापडलं तरी कोर्ट हसेल, नाही का?"

मी पटाशी पुसून खाली ठेवली.

"तिथेच वरच्या खोलीत राहते म्हणे. एकटी. खाली सगळं लाकूड आणि कागद." त्यानं पायानं भुसा सारला. "तुम्ही एकतीस वर्षं शहाण्यासारखे वागलात. आता या वयात चव घालवू नका."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते मांडीखाली घेतले. आणि मग काय झालं मला माहीत नाही, माझ्या तोंडून निघून गेलं, "वकीलसाहेब, त्या टेबलाला डावी बाजूपण होती."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याचा डावा हात गुडघ्यावर होता, तो त्यानं चटका बसल्यासारखा उचलला. एकतीस वर्षं तो त्या टेबलाशी रोज बसला, डावं कोपर त्याच फळीवर टेकून.

"तिनं सांगितलं तुम्हाला करायला?"

"हो."

काठी विसरूनच तो लंगडत गाडीकडे गेला. ड्रायव्हरनं येऊन काठी नेली.

मी बोलायला नको होतं. तो तुझ्याकडेच येणार. फोन लावला, तुझा आवाज पोचत नाही, मी 'वर झोपू नकोस, बाहेर जा' एवढंच ओरडत राहिलो. ऐकलंस की नाही कोण जाणे. पत्र माझ्या मागून पोचेल, तरी टाकतो, वाटेत माझं काही झालं तर कागदावर राहावं. मग स्टँडवर जातो, पहिली गाडी पहाटेची आहे. मध्ये दोनदा बदलावी लागते. मी पोचलो नाही तर माझी वाट पाहू नका, उघडा.

मामा


१७ मार्च

मिस्त्रीकाका,

काका म्हणावं की नाही, ठरलेलं नाही. तुमची भाची म्हणते तुम्ही परवापासून तिच्याकडे आहात आणि मला भेटायचं म्हणता. मी तुम्हाला भेटू शकत नाही. म्हणून लिहिते.

परवा अकरा वाजता आम्ही हॉलमध्ये होतो. तुमची भाची, मी, इन्स्पेक्टरबाई आणि त्यांचे दोन शिपाई. तुमच्या भाचीनं डाव्या पायाला फेरा दिला. पट्टी सैल झाली आणि त्याच वेळी दारातून बाबा आले. दाढी वाढलेली, आदल्या दिवशीचेच कपडे. शिपायांना पाहून थांबले. खिशात काडेपेटी सापडली. ते विडी-सिगारेट ओढत नाहीत.

कप्प्यात एक पाकीट होतं. आत बसची दोन तिकिटं, एक पूर्ण आणि एक अर्धं. आणि आईनं मावशीला लिहिलेलं पत्र, न टाकलेलं. त्यातली एकच ओळ लिहिते: 'शुक्रवारी येते, पोरीला घेऊन, तिला सोडून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही.'

मला लहानपणापासून सांगितलं होतं, ती मला सोडून गेली. शाळेत मुली म्हणायच्या, घरी आत्या म्हणायची. मीही म्हणत आले. चाळीस वेळा मनात तिला शिव्या घातल्या असतील.

बाबा शांतपणे म्हणाले, "बाई, बाहेरची पाटी वाचा. इथलं सगळं बनवलेलं आहे. ही मुलगी जुनी पत्रं तयार करते, तो तिचा धंदाच आहे. उद्घाटनाला अडीचशे लोकांनी ऐकलंय." इन्स्पेक्टरबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, हे टेबल ज्यानं केलं तो माणूस बोलला तरच पुढे जाता येईल.

तुम्ही तासाभरानं पोचलात आणि बोललात. चार तास बोललात, असं कळलं. फरशीचंही सांगितलंत.

तुम्ही घाबरला होता, हे मला समजतं. तुमच्या भाचीचा जीव तुम्हाला प्यारा होता, तेही समजतं. पण त्याच झोपाळ्यावर मीही होते, काका. तुमची भाची घरी गेली. मला तुम्ही त्या घरात सोडलंत.

मला माफ करता येत नाही, प्रयत्नही करणार नाही. फक्त एक द्या. मला आईचा आवाज आठवत नाही. एक शब्द नाही. तिच्याशी बोललेलं, आज बोलू शकणारं माणूस तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. तिनं तुम्हाला तो कप्पा करायला सांगितलं, ते काय शब्दांत? जसंच्या तसं लिहा. सुंदर करू नका.

टेबलवाल्या वकिलाची मुलगी


२९ मार्च

पोरी,

काका म्हणू नकोस. मिस्त्री पुरे.

परवा पडवीची फरशी उखडली तेव्हा तू फाटकाबाहेर उभी होतीस. मी आत होतो, जागा दाखवायला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं ते तुला इन्स्पेक्टरबाईंनी सांगितलंच आहे. तुझे वडील तुरुंगाच्या दवाखान्यात आहेत, अजून एक शब्द बोललेले नाहीत. बोलले नाहीत तरी आता चालेल, असं बाई म्हणाल्या. माझ्यावरही गप्प राहिल्याचा खटला होईल कदाचित. होऊ दे. मी कुठे जात नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. 

आता तू मागितलंस ते. चार दिवस आठवतोय, भर घालायची नाही म्हणून.

सकाळचे अकरा असतील. ती चहा घेऊन आली. कप ठेवला, आणि लगेच गेली नाही. म्हणाली, "मिस्त्री, त्यांच्यासाठी करताय तसा मलाही एक कराल का? त्यांना सांगायचं नाही." मी विचारलं, केवढा? तर म्हणाली, "मोठा नको. दोन तिकिटं मावली की झालं." मी म्हटलं, दोन कशाला?

तू टेबलाखाली बसली होतीस, केसांत भुसा. तिनं वाकून तुला बाहेर ओढलं, कडेवर घेतलं, आणि तुझ्या कानांवर हात ठेवून मला म्हणाली, "हिच्यासमोर नका विचारू. हिच्या पोटात काही राहत नाही."

मग ती हसली. आवाज जाड होता, घोगरा, सर्दी झाल्यासारखा. हसणं मात्र मोठं, सगळ्या पडवीत ऐकू जाईल असं. स्वतःच दचकली, दाराकडे बघितलं, आणि तू तिचा चष्मा ओढलास.

मिस्त्री